टाकीच्या लाकडाच्या दोन गिटारी

जुन्या लाकडाला काळाचा गंध असतो; तो ज्याने एकदा खोल श्वासात भरून घेतला, तो माणूस पुन्हा पूर्वीसारखा राहत नाही. हे वाक्य वाचून मी गिटारीच्या धडावर नाक टेकवलं, डोळे मिटले आणि खोल श्वास घेतला. पुठ्ठ्याचा वास आला. थोडा चिकटपट्टीचाही असावा. दोष माझ्या नाकाचा असू शकेल, कारण भिवंडीच्या नारपोलीत वाढलेल्या नाकावर यंत्रमागाच्या वंगणाचे, ओल्या सुताचे आणि उघड्या गटारांचे संस्कार इतके घट्ट बसलेले असतात की काळासारखी तलम गोष्ट त्याच्या वाट्याला सहसा येत नाही. मी पुन्हा एकदा हुंगून पाहिलं. मग चहा घेतला. मी पूर्वीसारखाच होतो.

ते वाक्य माझं नव्हे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. ते गिटारींबरोबर आलेल्या एका जाड, दुधी रंगाच्या पत्रकातलं होतं. गिटारी दोन होत्या, दोन्ही इलेक्ट्रिक, आणि दोन्ही माझ्या मालकीच्या. शेवटचे तीन शब्द मी आजही जरा दबकतच लिहितो. मी शाळेत इतिहास शिकवणारा माणूस. प्रार्थनेच्या वेळी मुलांच्या मागे उभा राहून नुसते ओठ हलवणारा. माझी बायको सुनंदा खोकी उघडल्यावर म्हणाली, "घरात टाळ वाजवणारं कोणी नाही, आणि गिटारी दोन!" तिच्या म्हणण्यात आक्षेप घेण्यासारखं काही नव्हतं. धामणकर नाक्यावरून ती लांबट खोकी ज्या रिक्षातून आणली, त्या रिक्षावाल्याने तर वाटेतच माझी उलटतपासणी घेतली होती. "क्या है मास्टरजी, इसमें?" गिटार. "किसकी?" माझी. "आप बजाते हो?" नाही. "फिर बजाता कौन है?" कोणी नाही. मग तो, वेड्या माणसाशी बोलताना आवाज जसा मऊ होतो तसा मऊ करून म्हणाला, "अच्छा है. घर में चीज़ होनी चाहिए."

गिटारी पाठवल्या होत्या माझ्या धाकट्या भावाने, दिलीपने. तो कॅलिफोर्नियात संगणकाचं काहीतरी करत असे. काय, ते मला कधीच कळलं नाही आणि त्यानेही कधी नेटाने सांगितलं नाही. सुट्टीच्या दिवशी मात्र तो एका मित्राच्या गॅरेजात लाकूड तासत बसायचा. तिकडे रेडवुड नावाचे, ढगांना टेकतील असे वृक्ष असतात. त्यांतले पुरातन वृक्ष आता सहसा कोणी तोडू देत नाही, म्हणून जुने पूल, कोठारं, पाण्याच्या टाक्या मोडल्या की त्यांतलं लाकूड लोक सोन्यासारखं जपून काढतात आणि त्याच्या गिटारी करतात. आमच्या गिटारींचं लाकूड एका गावाच्या मोडलेल्या पाण्याच्या टाकीतलं होतं. हे पत्रकात जरा खालच्या बाजूला, बारीक अक्षरात होतं. वरच्या बाजूला, मोठ्या अक्षरात, या वृक्षाने साम्राज्यांचे उदयास्त पाहिले, असं म्हटलं होतं.

इतिहासाच्या मास्तराला असलं वाक्य पचणं कठीण. तो वृक्ष उभा होता तिथून एकही साम्राज्य दिसण्यासारखं नव्हतं. त्याने पाहिलं असेल ते धुकं, आणि फार तर खारी. पण भव्यतेची एक गंमत असते. वस्तू जितकी मुकी, तितकं तिच्या तोंडी भाषण घालणं सोपं! किल्ल्याचे बुरूज बोलतात, नद्या साक्ष देतात, तलवारी गर्जतात. या सगळ्यांनी खरंच तोंड उघडलं तर पहिली तक्रार आपल्याच भाषणांविरुद्ध करतील, असं मला वर्गात शिकवताना नेहमी वाटत आलं आहे. आईला मी ते पत्रक मराठीत वाचून दाखवलं. साम्राज्यांपाशी ती जांभई देत होती. टाकीपाशी मात्र सावध झाली. "टाकी मोडली? मग त्या गावाला पाणी कुठनं येतं आता?" पत्रकात याचं उत्तर नव्हतं. भिवंडीत हंड्यांच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला पडलेला तो प्रश्न मला साम्राज्यांच्या उदयास्तापेक्षा कितीतरी ऐतिहासिक वाटला.

जुनं लाकूड पुन्हा वापरणं आमच्याकडे नवीन नाही. आमच्या मोरीचं दार एका मोडलेल्या मागाच्या शेडमधून आलं, त्या शेडच्या तुळया त्याआधी कुठल्याशा धान्याच्या वखारीत होत्या, आणि दारावर अजून एक मोठा खिळा आहे, ज्याचं प्रयोजन कोणालाच ठाऊक नाही. त्याला आम्ही टॉवेल लावतो. पण दाराबरोबर कोणी पत्रक दिलं नव्हतं. आमच्याकडे ही कला नसते, परिस्थिती असते. तीच परिस्थिती समुद्र ओलांडून गेली की तिला बहुधा जाड कागद मिळतो.

एवढ्यावर हा विषय संपला असता. गिटारी कपाटावर गेल्या असत्या, आणि दिवाळीच्या साफसफाईत वर्षातून एकदा त्यांची आठवण झाली असती. पण दिलीपने फोनवर एक अट घातली, आणि त्या अटीने आमच्या घराचा तोल बिघडवला. तो म्हणाला, "दादा, मी त्यांना पॉलिश मारलेलं नाही. मुद्दाम कोरं लाकूड ठेवलंय. दोन पावसाळे तिथल्या हवेत राहू दे. फुगलं नाही, पिळवटलं नाही, तर मी नोकरी सोडून येतो. तिथेच वर्कशॉप काढू. भिवंडीत जुन्या लाकडाला काय तोटा? फक्त हवा झेपली पाहिजे." परीक्षाही त्यानेच नेमून दिली. गिटारीची मान जिथे धडाला जोडलेली असते, त्या सांध्यात पोस्टकार्ड सरकवून पाहायचं. आत गेलं नाही तर लाकूड पास.

आई शेजारीच उभी होती. फोनमधून तिला इतकंच ऐकू आलं की दिलीप येतो आहे. बाकीचं तिच्या दृष्टीने तपशील.

त्या दिवसापासून गिटारी घरात वस्तू म्हणून राहिल्या नाहीत, आजारी माणसासारख्या राहू लागल्या. त्यांना उन्हाची तिरीप लागू नये म्हणून खाट हलली. त्यांच्या बाजूने कपडे वाळत घालणं बंद झालं. दर रविवारी सकाळी मी पोस्टकार्ड घेऊन सांध्यापाशी वाकायचो आणि आई दारात उभी राहून, ताप किती आहे असं विचारावं तशा आवाजात विचारायची, "कशी आहे?" बरी आहे, मी म्हणायचो. ती हात जोडायची. कोणाला, ते मी विचारलं नाही. मुलगा परत यावा म्हणून आयांनी उपास केले, नवस बोलले, हे मी ऐकलं आणि पाहिलं होतं. पण मुलाचं येणं एका लाकडाच्या स्वभावावर अवलंबून असावं, ही गोष्ट मला तेव्हाही उमगली नाही आणि आजही धड उमगत नाही. दिलीपला खरंच यायचं होतं का? की यायचं नव्हतं, म्हणून त्याने स्वतःच्या तोंडाने नाही म्हणण्याऐवजी ते काम हवेवर सोपवलं होतं? भिवंडीची हवा कशी आहे, हे तर त्याला लहानपणापासून ठाऊक होतं!

आणि त्या वाजवाव्यात म्हटलं तर आमच्या भागात त्याचीही एक विचित्र कोंडी होती. वीज असली की चोहोबाजूंनी यंत्रमाग सुरू, आणि त्या खटखटाटात माणूस स्वतःच्या मनातलं वाक्यही दोनदा उच्चारतो. वीज गेली, आणि त्या वर्षांत ती फार निष्ठेने जायची, की सगळे लूम एकदम थांबत; कानांत सुती शांतता भरे; पण मग इलेक्ट्रिक गिटारीला वीज कुठली? म्हणजे आवाज असे तेव्हा ऐकू येत नसे आणि ऐकू येण्यासारखी वेळ असे तेव्हा आवाज नसे. ही अडचण केवळ गिटारीची आहे की एकूणच आयुष्याची, यावर मी एका दुपारी बराच विचार केला, आणि निष्कर्ष निघण्याआधी वीज आली.

मात्र अशाच एका भारनियमनाच्या दुपारी मी आईला पाहिलं आहे. लूम नुकतेच थांबले होते. आई गिटारीसमोर बसली होती आणि तिने एका बोटाने एक तार हलकेच ओढून सोडली. जोडणी नसलेली इलेक्ट्रिक गिटार किती वाजेल? डासाहून किंचित जास्त. पण त्या शांततेत तो स्वर भिंतीपर्यंत गेला आणि परत आला. आईने कान देऊन तो पुरता विझू दिला, मग पदराने तार पुसली. मी दारातूनच मागे फिरलो. तिने ऐकलं ते काय, हे विचारायला हवं होतं असं अजून वाटतं. पण काही प्रश्न विचारले की समोरच्याला उत्तर तयार करावं लागतं.

पहिला पावसाळा निभावला. दुसऱ्या पावसाळ्याच्या मध्यावर, श्रावण लागता लागता, एका रविवारी पोस्टकार्ड आत गेलं. सगळं नाही. एक कोपरा गेला. मी ते काढलं, उलटं करून पुन्हा घातलं, पुन्हा गेलं. दुसऱ्या गिटारीच्या सांध्यातही, जरा कमी का होईना, गेलं. "कशी आहे?" आईने विचारलं. मी थोडा अडखळलो, तेवढं तिला पुरलं. स्वयंपाकघरात जाऊन तिने निवडलेलीच भाजी पुन्हा निवडायला घेतली.

आता इथे हिराबाईंना आणणं भाग आहे. हिराबाई आमच्या शेजारी, मूळच्या खाडीकाठच्या आगरी घरातल्या. त्यांच्या वडिलांची रेतीची होडी होती. पुढे जमिनींना भाव आला, गोदामं उठली, हिराबाईंच्या हातात जाड पाटल्या आल्या, पण होडीबद्दलचा त्यांचा अभिमान पाटल्यांहून वजनदार राहिला. आईने त्यांना सगळं सांगितलं असणार, कारण सोमवारी मी शाळेला निघालो तेव्हा त्या आईशेजारी ओट्यावर बसून माझ्याकडे, हा माणूस उगीच शिकला, अशा नजरेने पाहत होत्या.

"मास्तर, टाकी व्हती ना ती?"

होती, म्हटलं.

"मंग टाकीचे लाकराला पान्याचा कसला भ्याव? न्हाय, तुमी मना सांगा. आमचे बापाची होरी सगली हयात खारे पान्यान ऱ्हायली, तिला क झायलं न्हाय. आन तुमची ती तंबोरी कपाटाजवल बसून फाटतंय?"

ती गिटार आहे, आणि ती कोरीच ठेवायची आहे, असं मी सांगून पाहिलं. "कोरी!" हिराबाई आईकडे वळून म्हणाल्या. "ऐकलंस क, वयनी? कोरा लाकूर ठेवतान क कोन? मानसाला पन आंगाला तेल लावतान."

हा युक्तिवाद मी तेव्हा हसण्यावारी नेला आणि शाळेत जाऊन मुलांना पेशवाईच्या उत्तरकाळाबद्दल सांगत बसलो. संध्याकाळी परतलो तर गल्लीच्या तोंडाशीच मला तो वास भेटला. गल्लीतली मांजरं आमच्या ओट्यावर, सभेला जमावीत तशी, अंतर राखून बसली होती. आत दोन्ही गिटारी खुर्च्यांवर ओणव्या ठेवलेल्या, तांबूस लाकूड काळपट लाल होऊन चकाकत होतं, आणि आई व हिराबाई दोघीही कोपरापर्यंत माखलेल्या हातांनी, बाळंतघरातून बाहेर आलेल्या सुइणींच्या तृप्तीने माझ्याकडे पाहत होत्या. होड्यांना चोपडतात ते तेल होतं ते. मुशी नावाचा लहान शार्क असतो, त्याच्या यकृताचं. हिराबाईंनी भावाकडून खास मागवलं होतं. सांध्यात तर ते पिसाने भरलं होतं.

"आता घाल तुझं कार्ड," आई म्हणाली.

मी घातलं. गेलं नाही. दुसऱ्या दिवशीही गेलं नाही, पुढच्या रविवारीही नाही. लाकडाने तेल पिऊन अंग भरलं होतं की हिराबाईंच्या बापाच्या होडीचा पुण्यप्रभाव होता, मला ठाऊक नाही. गिटारी पास झाल्या होत्या. फक्त त्यांना मासळीबाजाराचा वास येत होता. नुसता येत नव्हता, तर त्यात कायमचं राहायला आल्यासारखा स्थिर झाला होता. सुनंदाने लिंबू लावलं, बेसन लावलं, शेवटी उदबत्ती लावली. त्यानंतर त्यांना देवळाशेजारच्या मासळीबाजाराचा वास येऊ लागला.

पाऊस सरल्यावर फोनवर आईने दिलीपला एवढंच सांगितलं, "दोन पावसाळे झाले. कार्ड जात नाही." दोन्ही विधानं निर्विवाद खरी होती. सत्य इतकं नीटनेटकं कापता येतं, हे मी तिच्याकडून त्या दिवशी शिकलो.

दिलीप हिवाळ्यात आला. रजेवर आला होता, पण आईच्या लेखी तो पाहणीला आला होता. जेवणही न करता तो आतल्या खोलीत गेला, कापड बाजूला केलं आणि थांबला. मग वाकला. त्याने गिटारीवर नाक टेकवलं, अगदी मी पहिल्या दिवशी टेकवलं होतं तसंच, आणि एकदम मागे सरला. "आई, हे काय आहे?"

"तेल."

"कसलं तेल?"

"लाकडाचं," आई म्हणाली.

"मुशीचं!" दारातून हिराबाई म्हणाल्या. "मंग कसलं? बग, क झायलंय क तिला? ठोकून बग!"

दिलीपने ठोकून पाहिलं. नखाने टोकरलं. पोस्टकार्ड मागितलं, दोन्ही सांध्यांत घालून पाहिलं, आणि खाटेवर बसला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. रागाला आमच्या घरात उत्तरं तयार होती. तो हसू लागला. इतका हसला की चष्मा काढून डोळे पुसले, आणि डोळे पुसता पुसता कुठेतरी ते हसणं राहिलं नाही. "दादा, पण ही टेस्ट आता टेस्ट राहिली नाही ना," तो म्हणाला. "कोरं लाकूड टिकतं का, ते बघायचं होतं. हे टिकलं त्यावरून मला काहीच कळत नाही." आई म्हणाली, "टिकलं ना? मग?" दिलीपने चष्मा चढवला आणि पोस्टकार्ड माझ्या हातात परत दिलं. बाहेर लूम चालू होते म्हणून बरं.

जाण्याआधी त्याने एक गिटार छोट्या ॲम्प्लिफायरला जोडून वाजवली. वीज होती, त्यामुळे आम्हाला फारसं ऐकू आलं नाही. त्याची बोटं मात्र फार सुंदर हलत होती. हिराबाईंनी मान डोलावली. निघताना तो म्हणाला, "दादा, या आता तुझ्याच. खऱ्या अर्थाने." मालकीचा खोटा अर्थ कोणता आणि तोवर मी कुठल्या अर्थाने मालक होतो, हे विचारेपर्यंत टॅक्सी सुटली होती. आई ओट्यावर उभी होती. ती रडली नाही. "पॉलिश मारलं असतं तर आला असता का रे, मोहन?" तिने मला विचारलं. तिने काही लावलंच नसतं तर काय, हा खरा प्रश्न तिला टाळायचा होता, आणि मलाही. मी म्हटलं, "नाही. नसता आला." हे मी कशाच्या आधारावर म्हणालो, मला माहीत नाही. पण तिचा हात कठड्यावरून सैल झाला.

त्यानंतर मी कधी कधी त्या गिटारींसमोर बसलो आहे, आणि जी वस्तू वाजवता येत नाही, विकवत नाही, टाकवत नाही, तिचा मालक म्हणजे नक्की कोण, याचा विचार केला आहे. वापरतो तो मालक म्हणावं तर मालकी मांजरांची. जपतो तो मालक म्हणावं तर आईची. जिच्या ज्ञानाने ती टिकली तिची म्हणावं, तर हिराबाई शेजारणींना अजून सांगतात, "आमची तंबोरी मास्तरांकडं हाय." आणि आमच्या दिलीपचं काय? त्याचे मालक कोण होते? आम्ही, की त्याचं ते गॅरेज? आपण माणसं जपतो तेव्हा त्यांना आपल्या घरचं तेल चोपडतो. आपल्याला ठाऊक असलेलं एकमेव तेल. ती टिकतात. पण मग ती कोरी असती तर कशी राहिली असती, हे कायमचं कळेनासं होतं. हे शहाणपण आहे की नुसतं सुचलेलं वाक्य, याबद्दल मी साशंक आहे. पत्रक लिहिणाऱ्याला ते आवडलं असतं, एवढ्यानेच मला त्याचा संशय येतो.

पुढे अमेरिकेत मंदी आली आणि दिलीपची नोकरी गेली. त्याने वर्ष-सहा महिने तिथेच वाट पाहिली. मग फोन आला, आणि मग तो स्वतः आला, सामानासकट. कोणतीही अट नव्हती, परीक्षा नव्हती, लाकडाचा विषयही कोणी काढला नाही. आईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "लाकूड टिकलं म्हणून आला." मी इतिहासाचा शिक्षक आहे, कार्यकारणभाव हा माझा पोटापाण्याचा धंदा. एका खंडातल्या बँका बुडाल्या म्हणून तो आला, हे मला कागदावर मांडता येईल. पण तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हातातलं कारण एकदम परक्याचं वाटू लागलं. ती चूक होती का? होतीच. मग मला त्या क्षणी माझंच म्हणणं खोटं का वाटलं? कोण जाणे!

दिलीप आता पडघ्याजवळ एका गोदामाचा मॅनेजर आहे. हिराबाईंच्या भावाने ते काम मिळवून दिलं. ड्युटी सकाळी आठची असते. तिथे प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवतात; लाकूड औषधालाही नाही.